खांडस ते भीमाशंकर : वनातील पायवाट आणि दक्षता

सह्याद्रीच्या माथ्यावरील भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक क्षेत्र व भीमा नदीचे उगमस्थान. भोवतालचे घनदाट वन १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. राज्यप्राणी शेकरू येथे आढळतो. पुण्याकडून मंचर, घोडेगावमार्गे मोटार थेट वर जाते. कोकणातून मात्र कर्जत, कशेळेमार्गे येणारा वाहनांचा रस्ता पायथ्याच्या खांडस परिसरात थांबतो. पुढे पायीच चढावे लागते.

खांडसहून दोन वाटा निघतात. गणेश घाटाची वाट लांबची, परंतु सोपी आहे. शिडी घाटाची वाट जवळची असली तरी तीत उभे कातळ व शिड्या असून पावसाळ्यात निसरड्या खडकामुळे ती धोक्याची होते. त्या दिवसांत गणेश घाटच निवडावा. पहाटे निघावे, अंधार पडण्यापूर्वी खाली उतरावे आणि धुके दाटल्यास मळलेली वाट सोडू नये.

अतिवृष्टीने डोंगरउतार खचतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून अतिवृष्टीचा इशारा असताना शाळांनी सहल पुढे ढकलणेच इष्ट. ग्रामपंचायतीने वाटा फुटतात तेथे ठळक फलक लावावा व वर जाणाऱ्यांची नोंद ठेवावी; म्हणजे कोणी परतले नसल्यास त्याच सायंकाळी कळून शोध सुरू करता येईल. गावातील माहितगारास वाटाड्या म्हणून सोबत घेतल्यास वाट चुकण्याचे भय कमी होते आणि गावालाही रोजगार मिळतो.