नाळेतले रक्त साठवण्याआधी हा हिशोब करा

सातव्या महिन्याच्या तपासणीला गेलेल्या जोडप्याच्या हातात हल्ली एक गुळगुळीत पत्रक पडते. बाळाच्या नाळेतले रक्त साठवा, उद्या ब्लड कॅन्सर झालाच तर कामी येईल, असा त्याचा सूर असतो. अंधेरी असो वा मुलुंड, भीती सगळीकडे सारखीच, आणि त्या वेळी नाही म्हणायला जीव धजावत नाही. म्हणून आधी पैशांचे बोलू.

खासगी बँकांची पॅकेजेस साधारण पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. काही बँका सुरुवातीला थोडे घेतात आणि मग दरवर्षी साठवणुकीचे शुल्क लावतात. या सेवेला आधी करसवलत होती, ती १८ जुलै २०२२ पासून गेली. त्यामुळे सांगितलेला आकडा जीएसटी धरून आहे की सोडून, हे लेखी घ्या.

आता मुख्य प्रश्न. बाळाला पुढे रक्ताचा कर्करोग झाला, तर त्याचेच साठवलेले रक्त त्याला देतात का? जवळजवळ कधीच नाही. लहान मुलांच्या अनेक ल्युकेमियांत बिघाडाची सुरुवात जन्माआधीच झालेली असते, म्हणजे तो बिघाड साठवलेल्या पिशवीतही असू शकतो. शिवाय दुसऱ्याच्या पेशी उरलेल्या कर्करोगपेशींवर हल्ला करतात, हीच प्रत्यारोपणाची खरी ताकद. स्वतःच्या पेशी ते करत नाहीत. याच कारणांमुळे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना केवळ ‘विमा’ म्हणून स्वतःपुरती साठवण करण्याची शिफारस करत नाहीत. साठवणुकीला अर्थ आहे तो एका परिस्थितीत: घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमिया, ल्युकेमिया असा आजार असेल आणि नवे बाळ त्याचा दाता ठरू शकत असेल. तेव्हा मात्र रक्तविकारतज्ज्ञाशी प्रसूतीच्या बऱ्याच आधी बोला.

काही बँका ‘सामुदायिक’ साठ्याची योजना देतात, म्हणजे गरज पडल्यास दुसऱ्याची पिशवीही मिळू शकते. त्यांना एवढेच विचारा: आतापर्यंत कर्करोगाच्या किती रुग्णांना प्रत्यक्ष पिशवी दिली, आणि आमच्या पिशवीतल्या पेशींचा अहवाल किती दिवसांत मिळेल? साठवणूक नीट होते का, हा प्रश्नही गौण नाही. सिंगापूरमध्ये २०२३ साली एका खासगी बँकेच्या टाक्यांतले तापमान वाढल्याने दोन हजारांहून अधिक पिशव्या निकामी झाल्याचे उघड झाले. आणि नाळ लगेच बांधू नका, किमान एक मिनिट थांबा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बाळाच्या हिताचा आहे. जास्त रक्त गोळा व्हावे म्हणून त्यावर तडजोड करू नका.

नाळेतल्या रक्ताचे प्रत्यारोपण हे मात्र खरे शास्त्र आहे. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये फॅन्कोनी ॲनिमिया असलेल्या एका मुलावर ते पहिल्यांदा झाले, आणि पुढे दाता न सापडणाऱ्या ल्युकेमियाच्या रुग्णांनाही त्याचा आधार मिळाला. अडचण पेशींच्या संख्येची. एका पिशवीतल्या पेशी लहान मुलाला पुरतात, मोठ्या माणसाला बहुधा दोन पिशव्या लागतात. परदेशातून मागवल्यास एकेका पिशवीलाच पंचवीस-तीस लाख किंवा त्याहून अधिक जाऊ शकतात, आणि पेशी रुजायलाही जास्त दिवस लागतात, तेवढे दिवस जंतुसंसर्गाचा धोका. आता आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी अर्धी जुळणी असलेल्या कुणाच्याही पेशी चालतात. याला हॅप्लो म्हणतात. त्यामुळे भारतात नाळेतल्या रक्ताची गरज क्वचितच पडते.

मुंबईला मूळपेशी प्रत्यारोपणाची परंपरा आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवानी यांनी १९८३ साली ल्युकेमिया असलेल्या मुलीवर देशातले पहिले बोन मॅरो ट्रान्सप्लांट केले, दाता तिचा भाऊ होता. आज टाटाचे हे काम खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालते. बोरिवली पूर्वेला मुलांसाठी महापालिकेचे थॅलेसेमिया, रक्तकर्करोग आणि ट्रान्सप्लांटचे केंद्र आहे. अंधेरीत कोकिळाबेन, मुलुंडला फोर्टिस ही खासगी ठिकाणे.

प्रत्यारोपणाची वेळ आलीच, तर पहिला खर्च एचएलए तपासणीचा, म्हणजे दात्याशी जुळणी पाहण्याचा, माणशी काही हजार रुपये. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. खासगी रुग्णालयात भावंडाच्या पेशींनी होणाऱ्या प्रत्यारोपणाला ढोबळ मानाने पंधरा ते वीस लाख, हॅप्लोला वीस ते तीस लाख धरा. गुंतागुंत झाली तर त्याहून जास्त. सरकारी आणि धर्मादाय ठिकाणी खूप कमी, पण प्रतीक्षा यादी असते. अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च नंतरचा: वारंवार लागणाऱ्या प्लेटलेट्स, एकेक एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेट्सची पिशवी) दहा हजारांच्या आसपास, बुरशीवरची महाग औषधे, पहिले शंभर दिवस रुग्णालयाजवळ राहण्याचे भाडे. बोरिवलीहून खारघरला लोकलने रोज ये-जा करणे या काळात शक्य नाही, गर्दीतला संसर्ग जिवावर बेततो.

आरोग्य विम्याची कागदपत्रे आजच काढून बघा. रक्तविकारांसाठी मूळपेशींचे बोन मॅरो प्रत्यारोपण कंपन्यांनी वगळू नये, अशी सूचना विमा नियामकाने २०१९ मध्ये केली. मात्र उपमर्यादा असू शकते आणि दात्याचा खर्च वेगळा पडू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत मिळते. महागड्या प्रत्यारोपणांना त्यापलीकडे निधी देण्याचा निर्णय राज्याने २०२५ मध्ये घेतला. तुमच्या रुग्णालयात तो लागू आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला विचारा. त्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान मदत निधी आणि विश्वस्त संस्थांचे अर्जही घ्या. अर्जासोबत डॉक्टरांच्या सहीचे अंदाजपत्रक लागते. ते मागताना एसडीपी, औषधे, दात्याच्या तपासण्या आणि शंभर दिवसांचा पाठपुरावा वेगवेगळे लिहून मागा. एकच गोल आकडा देणारे अंदाजपत्रक परत करा आणि तपशिलासह नवे घ्या, कारण मदत करणाऱ्या संस्थाही तोच तपशील तपासतात.