नाडी काय सांगते?

मंडळी, डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची दोन बोटे ठेवा. टकटक लागते ना? हीच नाडी. हृदयाचा एक ठोका, की नाडीचा एक ठोका.

आम्ही शाळेतून निवृत्त झालो आणि बसून बसून अंग जड झाले. अंबरनाथ स्टेशनचा पूल चढताना धाप लागे. सकाळी नाडी मोजली, तर मिनिटाला ८२! मग रोज पहाटे शिवमंदिरापर्यंत भरभर चालू लागलो. चार महिन्यांनी नाडी ७२ वर आली. पूलही सुखाने चढलो.

असे का झाले? हृदय हा मांसाचा पंप आहे. मेहनतीने त्याला बळ येते. मग ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते. घागर मोठी, तर खेपा कमी! मिनिटाला दहा ठोके वाचले, तर दिवसाला १४,४०० वाचतात.

मोठ्या माणसाची स्वस्थ बसल्यावर नाडी बहुधा ६० ते १०० असते. कसलेल्या धावपटूची ४० ते ६० सुद्धा असते. पण मंद नाडीबरोबर चक्कर आली, किंवा बसल्या जागी नाडी शंभरावरच राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले, तर क्षणभरही थांबू नका.

उल्हासनगरात दिवसभर शिलाई यंत्रावर बसणाऱ्यांनी, बदलापूरहून गाडीने कामाला जाणाऱ्यांनीही रोज अर्धा तास चालावे.

उद्या अंथरुणातून उठण्याआधी पुरते एक मिनिट नाडी मोजा. आकडा वहीत लिहा. आता तुम्हाला लिहिता येते ना!