हॉबी सीएनसी राउटर : पहिला अपग्रेड कोणता करायचा?



गेल्या आठवड्यात एका तरुणाचा फोन आला. घरीच छोटा सीएनसी राउटर आहे, सागवानाच्या नेमप्लेट करतो, ऑर्डरही येतात. म्हणाला, "सर, पस्तीस हजार साठवलेत. २.२ किलोवॅटचा स्पिंडल टाकतोय. बरोबर ना?"

मी विचारलं, "शेवटच्या दहा पाट्यांपैकी वाया किती गेल्या?"

"तीन."

"का गेल्या?"

"दोन पाट्यांची अक्षरं एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक आली. एक पाटी चालू असताना लाइट गेली."

आता सांगा, या तीनपैकी एक तरी पाटी मोठ्या स्पिंडलने वाचली असती का? नाही! पस्तीस हजार गेले असते आणि पाट्या तशाच वाया जात राहिल्या असत्या.

आजचा धडा हाच आहे. हौसेसाठी मशीन असेल तर मनाला येईल ते जोडा. पण धंद्यासाठी असेल तर ज्या कारणाने माल आणि वेळ वाया जातोय, त्या कारणावरचा अपग्रेड आधी. एकेक बघू.

१. सपाट बेड आणि टच प्लेट

नेमप्लेट आपण बहुतेक व्ही-बिटने कोरतो. ९० अंशाची बिट जेवढी खोल जाते, त्याच्या दुप्पट रुंद रेष पडते. म्हणजे फळी एका टोकाला फक्त अर्धा मिलिमीटर उंच असली, तर रेषेच्या रुंदीत पूर्ण एक मिलिमीटरचा फरक! देवनागरीत हे लगेच दिसतं, कारण शिरोरेषा नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक झालेली शिरोरेषा गिऱ्हाइकाच्या नजरेतून सुटत नाही.

उपाय स्वस्त आहे. बेडवर एमडीएफचा बळीचा बोर्ड लावा आणि त्याच मशीनवर, रुंद सरफेसिंग बिटने वरचा थर छिलून घ्या. बेड मशीनच्या चालीला समांतर होतो. पावसाळ्यात एमडीएफ दमट हवेने फुगतो, म्हणून तेव्हा पुन्हा एकदा छिला. फळीसुद्धा रंधा मारून एकसारख्या जाडीची केलेली हवी, नाहीतर बेड सपाट करून उपयोग नाही.

दुसरी वस्तू टच प्लेट. माहीत असलेल्या जाडीचा धातूचा तुकडा आणि दोन वायरी, बस्स. बिट प्लेटला टेकली की कंट्रोलरला कळतं आणि झेडचा झिरो लागतो. बिटखाली कागद सरकवून अंदाजाने झिरो लावण्यात वेळही जातो आणि प्रत्येक वेळी थोडा फरकही पडतो. बिट बदलली की झिरो पुन्हा लावायचाच, हे मात्र विसरू नका.

२. लिमिट स्विच आणि होमिंग

हा धडा मी स्वतः पैसे घालवून शिकलो. एका सोसायटीची तीस पाट्यांची ऑर्डर होती. तेराव्या पाटीवर लाइट गेली. आल्यावर डोळ्यांनी अंदाज घेऊन झिरो लावला आणि काम पुढे चालू केलं. प्रत्येक अक्षराला शेजारी दुसरी रेघ! सागवानाची फळी गेली, दिवस गेला, आणि डिलिव्हरी उशिरा झाली म्हणून गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

असं का होतं? या मशीनमधल्या साध्या स्टेपर मोटर आपण कुठे आहोत हे कंट्रोलरला कळवत नाहीत. कंट्रोलर फक्त पावलं मोजतो. वीज गेली की मोजणी संपली. तिन्ही अक्षांना लिमिट स्विच असतील, तर वीज आल्यावर होमिंग करायचं आणि मशीन स्वतः कोपरा शोधून काढतं. तुमचा कंट्रोलर जीआरबीएलवर चालत असेल तर जी५४ मध्ये ठेवलेला जॉबचा झिरो वीज गेल्यावरही टिकतो. जी९२ ने लावलेला टिकत नाही. तुमचं सॉफ्टवेअर कोणता वापरतं ते आजच तपासा.

परत सुरू करताना बिट उचललेली ठेवा, स्पिंडल पूर्ण वेगात येऊ द्या आणि जिथे थांबलं त्याच्या काही ओळी आधीपासून कोड चालवा.

काही जण फक्त कंट्रोलरला यूपीएस लावतात. हे करू नका. स्पिंडल बंद आणि मोटर चालू अशी स्थिती आली, तर न फिरणारी बिट लाकडात ढकलली जाते आणि तुटते. थांबलं तर दोन्ही एकदम थांबलं पाहिजे.

३. धूळ आणि इमर्जन्सी स्टॉप

याने उत्पादन वाढत नाही, म्हणून सगळे हा खर्च शेवटी ढकलतात. पण लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं मशीन घरातच, मुलाबाळांच्या शेजारच्या खोलीत असतं. स्पिंडलभोवती ब्रशचा डस्ट शू, त्याला व्हॅक्यूम क्लीनर, मध्ये सायक्लोन डबा आणि तोंडाला चांगला मास्क, एवढं हवंच. जोडीला हाताशी लाल इमर्जन्सी बटण. ते स्पिंडल आणि मोटर दोन्ही बंद करणारं असावं.

४. स्पिंडल आणि फ्रेम

आता येऊ सगळ्यांच्या आवडत्या विषयाकडे. आधी एक सूत्र वहीत लिहा :

फीड = आरपीएम × बिटच्या धारा × प्रत्येक धारेचा काप

१८,००० आरपीएम, दोन धारा आणि ०.०५ मिमी काप धरला, तर फीड येतो मिनिटाला १,८०० मिमी. तुमची फ्रेम हलते म्हणून तुम्ही ६०० वर चालवत असाल, तर काप येतो जेमतेम ०.०१७ मिमी. म्हणजे बिट कापत नाही, घासते. लाकूड काळं पडतं आणि बिट लवकर बोथट होते. इथे ताकद कमी पडत नाहीये, फ्रेम कमी पडतेय. त्यावर चार-पाच किलोचा २.२ किलोवॅटचा स्पिंडल टांगला तर ती आणखी झुकणार. आधी आरपीएम कमी करून बघा, नट-बोल्ट आवळा, चाकं किंवा रॉड ढिले आहेत का ते पाहा. तरीही मोठी, खोल कामं नियमित येत असतील, तर आधी लिनिअर रेल आणि बॉल स्क्रू, मग स्पिंडल. स्पिंडलबरोबर व्हीएफडी येतो. त्याच्या विद्युत गोंधळाने लिमिट स्विच उगाच ट्रिप होतात, म्हणून शील्डेड केबल आणि पक्कं अर्थिंग हवं.

५. स्वप्नांची यादी

आपोआप बिट बदलणारा टूल चेंजर, गोल काम करणारा रोटरी अक्ष, क्लोज्ड लूप मोटर, व्हॅक्यूम बेड. सगळं छान आहे. पण टूल चेंजर त्याच्यासाठी, ज्याच्या एका जॉबमध्ये तीन-चार बिट लागतात आणि असे जॉब रोज असतात. एकाच व्ही-बिटवर पाट्या करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? रोटरी तेव्हा घ्या, जेव्हा खांब किंवा पाय कोरण्याची ऑर्डर हातात असेल.

हिशोब कसा करायचा?

समजा महिन्याला ४० पाट्या करता आणि ६ वाया जातात. एका पाटीचं लाकूड आणि मजुरी ३५० रुपये धरा. महिन्याचं नुकसान २,१०० रुपये. बेड, टच प्लेट आणि स्विच मिळून ४,००० रुपये लागले आणि ६ ऐवजी १ च पाटी वाया जाऊ लागली, तर महिन्याला १,७५० रुपये वाचतात. म्हणजे अडीच महिन्यांच्या आत पैसे वसूल. वर प्रत्येक पाटीच्या सेटिंगमध्ये १५ मिनिटं वाचली, तर ४० पाट्यांचे १० तास मोकळे. हाच हिशोब तुमच्या आकड्यांनी स्पिंडलसाठी करून बघा. उत्तर समोर येईल.

गृहपाठ

मशीनशेजारी एक वही ठेवा. पंधरा दिवस फक्त चार रकाने भरा : कोणता जॉब, सेटिंगला किती मिनिटं, माल वाया गेला का, गेला तर का. पंधरा दिवसांनी "का" हा रकाना वाचा. जे कारण सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलंय, तोच तुमचा पहिला अपग्रेड. ही वही भरल्याशिवाय अपग्रेडसाठी कर्ज तर अजिबात काढू नका.

त्या तरुणाने स्पिंडलची ऑर्डर थांबवली. आधी बेड छिलला, टच प्लेट आणि स्विच लावले, डस्ट शू घेतला. उरलेल्या पैशातून त्याने चांगलं वाळलेलं सागवान भरून ठेवलं. स्पिंडल त्याला अजूनही हवाच आहे, आणि घेईलही. पण वही सांगेल तेव्हा!

चला, वही आणा आणि कामाला लागा. पुढच्या व्हिडिओत भेटूच.