संगत

१९२३ साली खारेपाटण येथे एक कीर्तन चालले होते. हे गाव त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. कीर्तन रंगात आले असतानाच कीर्तनकाराला आपला एकुलता एक मुलगा गोविंद वारल्याची बातमी कळली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ते कीर्तनकार म्हणजे गाडगे महाराज.

महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी दारूपायी अकाली मरण पावले आणि लहानग्या डेबूला घेऊन आईला माहेरी, दापुरे येथे, राहावे लागले. गुरे राखता राखता डेबूला भजनाचा छंद जडला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्याने रूढी मोडून दारू-मटणाऐवजी गोड जेवण वाढले. ज्याचे बालपण दारूने हिरावले, त्याला हे धैर्य यावे यात नवल ते काय!

महाराजांचे कीर्तन नुसते ऐकण्याचे नसे. ते प्रश्न विचारीत, श्रोते उत्तरे देत. नामघोष सुरू झाला की हजारो लोक टाळ्यांच्या ठेक्यावर गाऊ लागत. ‘दारू पिऊ नका’ हा उपदेश एकट्याने ऐकला, तर घरी पोहोचेपर्यंत विरून जातो. येथे सारा गाव साक्षीला असे.

एकत्र गाताना सर्वांचा श्वास एका लयीत चालतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांना २०१३ साली असे आढळले की, समूहाने गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोकेही बरोबरीने कमी-अधिक होऊ लागतात.

भजन हे औषध मात्र नव्हे. फार दिवसांची दारू एकाएकी सोडली, तर हातपाय कापतात, भास होतात, क्वचित जिवावरही बेतते. तेथे डॉक्टरच हवा. व्यसन हा आजार आहे हे जाणून डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे उपचारांच्या जोडीला प्रार्थना व गाणी यांनाही स्थान मिळाले.

उपचार संपले की माणूस गावी परततो आणि खरी कसोटी तेथे लागते. दिवस कामात जातो. पण सांजावले की पाय जुन्या वाटेकडे ओढतात, जुने सोबती हाका मारतात. रत्नागिरीकडील खेड्यांत याच वेळी कुठेतरी पखवाजावर थाप पडते. बुवा पेटीवर अभंग धरतात आणि भोवतालची मंडळी ओळ झेलतात. गळा गोडच हवा असे नाही. दहाजणांत तो खपून जातो! नव्या माणसाच्या हाती झांजा येतात. ठेका चुकला, तर शेजारचा कोपराने खुणावतो. आणि एखाद्या संध्याकाळी त्याची जागा रिकामी दिसली, तर गजर आटोपल्यावर कोणीतरी त्याच्या घराकडे वळतो.