खानवेलहून मेकॅनिकल : खर्चाचा आणि कमाईचा हिशेब

मेकॅनिकल इंजिनिअर होण्याच्या दोन वाटा आहेत. एक, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. दुसरी, बारावी विज्ञान आणि चार वर्षांची पदवी. दहावीपासून मोजले तर दोन्हींना सहाच वर्षे लागतात. मात्र डिप्लोमा करणाऱ्याच्या हाती तिसऱ्या वर्षीच नोकरीजोगे प्रमाणपत्र येते. घरची अडचण निघाली तर तो तिथून कामाला लागू शकतो आणि पदवी पुढे करू शकतो. दादरा नगर हवेलीतल्या खानवेल परिसरातल्या बेताच्या उत्पन्नाच्या घरांसाठी हीच वाट अधिक सुरक्षित आहे.

डिप्लोमासाठी कराडचे शासकीय तंत्रनिकेतन जवळ पडते. हे सिल्वासाजवळचे कराड. साताऱ्याच्या कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच्याशी गल्लत करू नये. पदवीसाठी दमण आणि वलसाडची शासकीय महाविद्यालये आहेत, आणि सुरतेत एसव्हीएनआयटी ही राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (एनआयटी). महाराष्ट्राची हद्द जवळ असली तरी तिथल्या शासकीय महाविद्यालयांतल्या बहुतेक जागा त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात.

एनआयटीचे नाव ऐकून पालक खर्चाला घाबरतात. शिकवणी शुल्क सहामाहीला 62,500 रुपये, म्हणजे चार वर्षांचे पाच लाख. पण अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर कोणालाही पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. पूर्ण माफी मिळाली तरी वसतिगृह आणि मेससारखे इतर खर्च उरतात. वारली, कोकणा, धोडिया अशा अनुसूचित जमातीच्या घरातल्या मुलाला म्हणूनच सुरतेची एनआयटी एखाद्या खासगी कॉलेजपेक्षा स्वस्त पडू शकते. तिच्यासाठी लागणारी जेईई मेन ही परीक्षा मराठीतूनही देता येते.

खासगी कॉलेजचा हिशेब वेगळा. समजा, शुल्क वर्षाला सव्वा लाख आणि राहणे-खाणे 85 हजार. चार वर्षांचे 8 लाख 40 हजार होतात. एवढे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना सुमारे 11,100 रुपये येतो, आणि शिकत असतानाचे व्याज त्यात धरलेले नाही. 2019 च्या नियमांत पदवीधर अप्रेंटिसचे किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठरले, डिप्लोमाधारकाचे 8,000. सुरुवात अप्रेंटिस म्हणून झाली आणि किमान रक्कमच हाती आली, तर हप्ताही भागत नाही.

कॉलेजच्या जाहिरातीत एका मुलाला मिळालेले सर्वांत मोठे पॅकेज असते. त्यावर निर्णय घेणे धोक्याचे आहे. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजे आपली माहिती संकेतस्थळावर ठेवतात. त्यात किती मुले वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे आकडे सापडतात. मध्यक म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी मिळाले. हा आकडा दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या कॉलेजसाठी कर्ज काढू नये.

सिल्वासा आणि वापीच्या पट्ट्यात प्लास्टिक, धागा आणि वायर-केबलचे कारखाने आहेत. तिथे इंजेक्शन मोल्डिंग मशीनचे हायड्रॉलिक दुरुस्त करणारा, कॉम्प्रेसर आणि बॉयलर सांभाळणारा माणूस लागतो. मेंटेनन्सच्या या कामात डिप्लोमावाल्याचा हात लवकर बसतो. डिझाइन, संशोधन किंवा मोठ्या वाहन कंपन्यांत जायचे असेल तर मात्र पदवी हवीच.

अनुसूचित जमातीच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपये देते. तिची मर्यादा आठ लाख. पालकांनी दहावीच्या निकालाची वाट न पाहता जातीचा, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला मामलतदार कार्यालयातून काढून ठेवावा.