ऑनलाइन व्याख्यानातील श्रोत्यांचे अवधान : तद्विद्यसंभाषेच्या अंगाने विचार

विषयप्रवेश

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्रज्ञान दृढ करण्याचे अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा असे तीन उपाय वर्णिले आहेत. यांपैकी तिसरा उपाय तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास सर्वांत दुर्लभ असतो. शिरूर अथवा दौंडहून पुण्यास व्याख्यानासाठी जावयाचे म्हणजे सुमारे ७० कि.मी.चा प्रवास आणि एका वेळच्या रुग्णतपासणीवर पाणी सोडणे. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर ऑनलाइन व्याख्याने रूढ झाली व ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. मात्र पडद्यावर दिसणारी उपस्थिती आणि प्रत्यक्ष श्रवण यांत अंतर पडू लागले.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. व्याख्याता भल्लातकाची मात्रा सांगतो तेव्हा श्रोता ऐकत असतो. पित्तप्रकृती, गर्भिणी व उष्ण काल यांत ते वर्ज्य आहे असे सांगतो तेव्हा श्रोत्यासमोर रुग्ण येऊन बसलेला असतो. असे अर्धे ऐकलेले ज्ञान मुळीच न ऐकलेल्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते.

हेतुविचार

अवधान सुटण्याचे प्रमुख हेतू तीन आहेत.

१) काल : सकाळ-सायंकाळ ही दवाखान्याची व दुकानाची गर्दीची वेळ असते. त्या वेळी ठेवलेले व्याख्यान गल्ल्यावर ठेवलेल्या मोबाइलवर चालू राहते, एवढेच.

२) एकमार्गी निवेदन : समोरासमोर बोलताना वक्त्यास श्रोत्यांचे चेहरे दिसतात व तो आपली गती बदलतो. पडद्यावर कॅमेरे बंद असतात, त्यामुळे ही सूचना मिळत नाही.

३) वाचन : पडद्यावरील मजकूर जसाच्या तसा वाचून दाखविला की श्रोता तो आधीच वाचून मोकळा होतो. सुश्रुताचार्यांनी प्रभाषणीय अध्यायात अर्थ न जाणता ग्रंथ पाठ करणाऱ्यास चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. वक्त्यांनी ती स्वतःस लावून पाहावी.

उपाययोजना

१) वेळ : दुपारी २ ते ४ या दरम्यान ४० मिनिटांचे व्याख्यान व २० मिनिटांची चर्चा ठेवावी. तालुक्यातील आठवडे बाजाराचा दिवस टाळावा.

२) रुग्णापासून आरंभ : व्याख्या व निरुक्ती प्रथम न सांगता एका रुग्णाचे वृत्त मांडावे. आमवाताचे उदाहरण घेतल्यास वय, व्यवसाय, आहार, संधिशोथ, जिव्हा व अग्नीची स्थिती सांगून थांबावे आणि श्रोत्यांस प्रश्न करावा, ‘प्रथम स्नेहन कराल की लंघन व पाचन?’ उत्तर देऊन चुकलेला श्रोता साम अवस्थेत स्नेहन का टाळावयाचे हे सहसा विसरत नाही. रुग्णाचे नाव, गाव व चेहरा मात्र कदापि दाखवू नये.

३) प्रश्नांची पेरणी : दर ८ ते १० मिनिटांनी एक छोटा प्रश्न विचारावा. गाडगे महाराज कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत व त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. तेच तत्त्व येथे उपयोगी पडते.

४) महत्त्वाचे दोनदा : मात्रा, अनुपान व निषेध ही तीन अंगे व्याख्यानाच्या मध्ये व शेवटी अशी दोनदा सांगावीत आणि एका पानाचे टिपण आधी पाठवावे. वीज अथवा इंटरनेट खंडित झाल्यास तेच टिपण आधार होते.

५) सहायक : लेखी आलेल्या शंका गोळा करण्यासाठी एक स्वतंत्र सदस्य असावा. वक्त्याने बोलता बोलता शंका वाचू नयेत.

६) सामूहिक श्रवण : शिरूरच्या सदस्यांनी एका दवाखान्यात व दौंडच्या सदस्यांनी दुसऱ्या दवाखान्यात एकत्र बसून एकाच पडद्यावर व्याख्यान ऐकावे. शेजारी समव्यावसायिक असला की अवधान टिकते, आणि व्याख्यान संपल्यावर खरी चर्चा सुरू होते.

औषधविक्रेत्यांसाठी

द्रव्यपरीक्षणाचा विषय पडद्यावर सर्वांत रंगतो. परंतु गंध, रस व स्पर्श पडद्यावर पोहोचत नाहीत आणि रंगही फसवा दिसतो. म्हणून अस्सल अशोकाची साल व शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या खोट्या अशोकाची साल ‘अ’ आणि ‘ब’ अशा खुणांनी दोन्ही ठिकाणी आधी पोहोचवावी. सदस्यांनी ती हाताळून मत नोंदवावे आणि उलगडा शेवटी करावा. तसेच वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांसारखी औषधनियमांच्या अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असणे आवश्यक असते. दुकानातील प्रत्यक्ष वेष्टने हाती घेऊन ती सूचना शोधावयास लावणे हा दहा मिनिटांचा उत्तम पाठ होतो.

संभाषेची मर्यादा

चरकाचार्यांनी संधाय संभाषेत निःशंकपणे विचारावे, विचारणाऱ्यास विशदपणे सांगावे, पराभवाच्या भयाने उद्विग्न होऊ नये व जिंकल्यास गर्व करू नये असे सांगितले आहे. ऑनलाइन सभेत अनेक जण गप्प राहतात ते कंटाळ्याने नव्हे, तर सर्वांसमोर अज्ञान उघडे पडेल या संकोचाने. अध्यक्षांनी पहिली शंका नवोदित वैद्याकडून मागावी व चुकीच्या उत्तराचा उपहास होऊ देऊ नये.

सारांश

योग्य काल, रुग्णाधारित मांडणी, वारंवार प्रश्न, निषेधांची पुनरुक्ती आणि निर्भय चर्चा या पाच गोष्टी सांभाळल्यास ऑनलाइन व्याख्यान हे तद्विद्यसंभाषेचे साधन होऊ शकते. व्याख्यान सफल झाले की नाही, याची परीक्षा उपस्थितांच्या यादीवरून करू नये. दुसऱ्या दिवशी चिकित्सापत्रात व दुकानाच्या फळीवर काय बदलले, यावरून ती करावी.