भाषिक आज्ञावलीची चाचणी : स्टब आणि सामान्यरूप

उद्दिष्टे
हा उपघटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला स्टब ही संकल्पना स्पष्ट करता येईल, तसेच तिची उपयुक्तता व मर्यादा मराठी सामान्यरूपाच्या आधारे सांगता येतील.

प्रस्तावना
विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाच्या रूपात होणारा विकार म्हणजे सामान्यरूप. जालना जिल्ह्यातील तालुक्यांची नावे पाहा. 'जालना', 'मंठा' यांची 'जालन्यात', 'मंठ्यात' अशी रूपे होतात. 'परतूर', 'बदनापूर' यांची 'परतुरात', 'बदनापुरात' अशी होतात. 'घनसावंगी' मात्र 'घनसावंगीत' असे अविकृत राहते. संगणकाला एखादा दाखला शुद्ध मराठीत लिहावयाचा असेल, तर ही रूपे त्याला सिद्ध करता आली पाहिजेत.

विवेचन
अशा आज्ञावलीत दोन ऑब्जेक्ट आहेत असे समजू. 'रूपसाधक' प्रत्यय जोडतो. 'कोश' शब्दाचे लिंग सांगतो. अकारान्त नामाचे सामान्यरूप लिंगानुसार बदलते : नपुंसकलिंगी 'घर' – 'घरात', स्त्रीलिंगी 'वाट' – 'वाटेत'. म्हणून रूपसाधक कोशाच्या 'लिंग सांग' या मेथडला प्रश्न विचारतो. कोश अपूर्ण असेल आणि रूप चुकले, तर दोष कोणाचा हे कळत नाही. अशा वेळी चाचणीपुरती ती मेथड बाजूस ठेवून तिच्या जागी ठरावीक उत्तर देणारी मेथड बसवतात : 'वाट' विचारताच 'स्त्रीलिंग'. हाच स्टब होय. आता 'वाटेत' हे रूप आले नाही, तर दोष रूपसाधकाचाच.

व्याकरणाच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (१.१.५६) स्थानीच्या जागी येणारा आदेश स्थानीसारखाच मानला आहे, मात्र मूळ वर्णावर अवलंबून असलेल्या कार्यांपुरता तो तसा मानलेला नाही. स्टबही प्रश्न स्वीकारण्यात व उत्तराच्या प्रकारात मूळ मेथडसारखा असतो; आतील शोध मात्र तो करत नाही.

मर्यादाही येथेच आहे. 'बाद'ने संपणारी ग्रामनामे रूढ मराठीत स्त्रीलिंगी वळणाने चालतात : 'हैदराबादेत', तसेच 'जाफराबादेत'. चाचणी लिहिणाऱ्याने स्टबमध्ये 'नपुंसकलिंग' असे उत्तर ठेवले आणि अपेक्षित रूप 'जाफराबादात' असे लिहिले, तर चाचणी यशस्वी होईल, पण मराठी चुकेल. स्टबचे उत्तर आणि अपेक्षित रूप ही दोन्ही एकाच समजुतीतून आली, म्हणून चूक झाकली गेली. यासाठी स्टबनंतर प्रत्यक्ष कोशासह स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते, आणि अपेक्षित रूपे भाषेच्या जाणकाराने तपासावी लागतात.

सारांश
स्टब दोषाची जागा दाखवतो. भाषिक सत्याची हमी देत नाही. ती हमी भाषकांच्या प्रत्यक्ष वापरातून मिळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. 'वाट' आणि 'भिंत' ही दोन्ही नामे स्त्रीलिंगी असून 'वाटेत', 'भिंतीत' अशी भिन्न रूपे होतात. केवळ लिंग सांगणारा स्टब येथे पुरेल काय? 'वाटा', 'भिंती' ही अनेकवचने लक्षात घेऊन उत्तर लिहा.
२. आपल्या परिसरातील दहा ग्रामनामांची 'त' प्रत्ययान्त रूपे ज्येष्ठांना विचारून नोंदवा.